टेबलावरचे दोन डाग

केबिन रोड, भाईंदर पूर्व
१२ जून २०२४

परागच्या बाबांना सप्रेम जयभीम.

पत्ता बघून गोंधळू नका. आपली चाळ सुटली. परागने मीरा रोडला सिल्व्हर पार्कमध्ये फ्लॅट घेतला, तिसरा मजला, लिफ्ट आहे. हा पत्ता माझ्या मैत्रिणीचा, केसरबाईचा. ती हॉस्पिटलात माझ्याबरोबर आया आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या पत्रपेट्यांची कुलपं तुटलेली आहेत, म्हणून तुम्ही पत्रं इथेच पाठवत जा. जेलमधून फोन करता येतो हे मला माहीत आहे, पण घाईघाईत काय बोलणार? आणि पराग घरात असला की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही.

आता कामाचं विचारते. घर रिकामं आहे आणि सामान घ्यायचंय. पराग म्हणतो, चाळीतलं एक लाकूडसुद्धा नव्या घरात येणार नाही. तो मोबाइलवर चित्रं दाखवतो. सगळं गुळगुळीत, पांढरं, दवाखान्यात असतं तसं. इकडे जुन्या सामानाचं एक दुकान आहे. तिथला मालक एका खुर्चीला हात लावून म्हणाला, "बेन, ये अँटिक है." दुसरीला म्हणाला, "ये व्हिंटेज है." मला दोन्ही भंगारातल्याच वाटल्या. नवरा सुतार असून मला यातलं काही कळत नाही, हसू नका.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. आपल्या लग्नाच्या वर्षी तुम्ही केलेलं सागवानी टेबल. परागला सांगितलं, टेबल येणार नसेल तर मीही येत नाही. टेबल हॉलमध्ये भिंतीला लावलंय आणि वरती तुमचा फोटो मोठा करून लावलाय. तोच, मिशीवाला, स्टुडिओतला.

हॉल पंधरा बाय दहा आहे. एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो बेडरूमच्या दाराशेजारी वेगळ्या फळीवर आहे. काय घेऊ, जुनं की नवं, ते लवकर लिहा.

तुमची
पंचशीला


मध्यवर्ती कारागृह, सुतारकाम विभाग
२८ जून २०२४

प्रिय पंचशीला, जयभीम.

तुझं पत्र आधी साहेबांनी वाचलं, मग मला मिळालं. साहेब म्हणाले, "आत्माराम, तुझी बायको फर्निचरचं विचारते, आमच्या घरीही हाच वाद चाललाय." मग मी त्यांनाही सांगितलं. एका पत्रात दोन गिऱ्हाइकं झाली.

नीट ऐक. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू असेल तर तिला अँटिक म्हणायचं. त्याहून लहान, पण चांगल्या हाताने केलेली असेल तर व्हिंटेज. बाकी सगळं नुसतं म्हातारं. आपलं टेबल म्हणजे धड ना अँटिक ना व्हिंटेज, आणि मीही त्यातलाच. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नकोस. खण पूर्ण बाहेर ओढ आणि मागून बघ. पुढून सगळेच नटवतात. मागे प्लायवूड दिसलं किंवा चकाकणारे नवे स्क्रू दिसले की सरळ घरी ये. पायाशी बारीक पिवळी भुकटी सांडलेली असेल तर लाकडात किडा जिवंत आहे. तसली खुर्ची फुकट दिली तरी घरात आणायची नाही, ती बाकीचंही खाईल.

नवं घ्यायचं तर रोज पाणी लागतं तिथे घे. स्वयंपाकघरात नवंच हवं. पण भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा पलंग घेऊ नकोस, दोन पावसाळ्यांत फुगतो. ज्याच्यावर माणूस झोपतं ते लाकूड खरं असावं. आणि लहान घरात उंच, अवजड काही नको. सामान माणसासाठी असतं. माणसाने अंग चोरून चालावं लागलं तर ते घर नाही, गोदाम.

माझा फोटो लावलास हे वाचून मी ते पत्र दोनदा घडी घालून खिशात ठेवलं. परागने लावू दिला? त्याला माझा आशीर्वाद सांग. नसेल सांगता येत तर मनातल्या मनात सांग.

माफीचे दिवस धरून पुढच्या वर्षी माझी सुटका व्हावी असं साहेब म्हणतात. माझा पलंग कुठे टाकणार आहेस, त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

तुझा
आत्माराम


केबिन रोड
२० ऑगस्ट २०२४

परागच्या बाबांना जयभीम.

उशीर झाला, रागावू नका. पराग लग्न करतोय. मुलगी त्याच्याच ऑफिसातली, हेमाली. गुजराती आहेत, भाईंदर पश्चिमेला राहतात. वडील गुणवंतभाई, कापडाचा धंदा. माणसं चांगली आहेत. आपण कोण, कुठले, हे सगळं परागने मुलीला आधीच सांगितलं होतं, त्यावरून त्यांनी काही तोंड वाकडं केलं नाही.

ती मंडळी घर बघायला आली होती. तुम्ही सांगितलं तसं मी बरंचसं केलं. जुन्या दुकानातून दोन लाकडी खुर्च्या आणल्या, मागून बघून, खालून बघून. मालक म्हणाला, "बेन, आप तो मिस्त्री निकलीं." मी म्हटलं, मिस्त्रीची बायको आहे. बेडरूममध्ये डबल बेड परागने नवा घेतला, पण खऱ्या लाकडाचा. सोफा नवा. माझ्यासाठी हॉलमध्ये अडीच फुटी दिवाण करायचाय. आणि हेमालीचे आईवडील आहेरात झोपाळा देणार आहेत, संखेड्याचा, लाल आणि सोनेरी. त्यांच्यात झोपाळ्याशिवाय घर पुरं होत नाही म्हणे.

लग्न डिसेंबरात आहे. तुम्हाला रजा मिळेल का हे मी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

पंचशीला


मध्यवर्ती कारागृह
९ सप्टेंबर २०२४

प्रिय पंचशीला,

पोरगा मोठा झाला. मला आत आणलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. हाफ पँटमध्ये कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेला आठवतो. नळावरच्या भांडणात माझ्या हातातला हातोडा उठला आणि शेजारचा माणूस गेला, त्याची शिक्षा मी भोगतोय. परागने काय केलं होतं? पहिल्या फर्लोच्या रजेवर मी घरी आलो तेव्हा चाळीने दारं लावून घेतली. पराग चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून मी रजा मागितली नाही, लग्नालाही मागणार नाही. तू म्हणालीस, विचारू नका. नाही विचारत.

पण मी सुतार आहे, बाई. तू मापं पाठवलीस आणि मी कागदावर तुझा हॉल काढला. सोफा ठेवला, तुझा दिवाण ठेवला, टेबल ठेवलं, दोन खुर्च्या ठेवल्या. झोपाळा टांगला आणि त्याच्या पुढेमागे हलायला जागा सोडली. आता त्या हॉलमध्ये चटईसुद्धा पसरता येत नाही. मी खूप फिरवून बघितलं.

म्हणून एक युक्ती सुचवतो. सोबत चित्र काढलंय. तुझा दिवाण करताना खाली दुसरी बुटकी खाट करायला सांग, चाकांवर. दिवसा दिवाणाच्या पोटात सरकवायची, झोपताना बाहेर ओढायची. वरून चादर सोडली की पाहुण्यांना दिसतसुद्धा नाही. मला इथे जमिनीची सवय आहे, तेवढी खाट म्हणजे चैन. सकाळी कोणी उठायच्या आत मी ती आत ढकलून देत जाईन. सूनबाईला माझी अडचण होणार नाही.

मिस्त्रीला चाकं चांगली लावायला सांग, आवाज न करणारी.

आत्माराम


केबिन रोड
१५ जानेवारी २०२५

परागच्या बाबांना जयभीम.

लग्न झालं. साधंच केलं, हॉलवर. फोटो पाठवणार होते, पण ते सगळे मोबाइलमध्ये आहेत.

हेमाली गुणाची आहे. मला मम्मी म्हणते, कामावरून आले की चहा हातात देते. मराठी शिकतेय, भाजीवाल्याशीही मराठीत बोलते आणि तो तिला हिंदीत उत्तर देतो. झोपाळा लागला. तिचं सगळं आयुष्य त्या झोपाळ्यावर चालतं, मटारसुद्धा त्यावरच सोलते.

दिवाणाचं सांगायचं राहिलं. तुमचं चित्र मी मिस्त्रीला दाखवलं होतं. पण हेमालीच्या आईने भांडी पुष्कळ दिली, ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून परागने खाली खण करून घेतले. पुढे बघू.

एक विचारायचं होतं. आपल्या टेबलाचं पॉलिश खराब झालंय. भिंतीच्या बाजूला दोन पांढरे डाग पडलेत, वाटीएवढे. एकमेकांपासून फूटभर लांब. पुसले तर पुन्हा दिसतात, रोज थोडे वाढतात. आणि दोघांच्या मधे मेण सांडून पॉलिश उडालंय. पराग म्हणतो, टेबल जुनं झालं, टाकून देऊ, नवं काचेचं आणू. मला ते टाकवत नाही. घरात तुमचं तेवढंच आहे. डाग कशाने जातील?

तुमची
पंचशीला


मध्यवर्ती कारागृह
२ फेब्रुवारी २०२५

पंचशीला,

आधी डागांचं. टेबलाला मी लाखेचं पॉलिश केलं होतं. त्याच्यावर पाणी साचून राहिलं की ते पांढरं पडतं. लाकूड आतून ठीक असतं. मऊ कापडाचा बोळा करायचा, स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करायचा आणि डागावरून हलक्या हाताने फिरवायचा. घासायचं नाही. मग पॉलिशचा नवा हात. हे तुझ्याने व्हायचं नाही, माणूस लागेल.

आता डाग पडले कसे, ते मी तुला सांगतो, कारण तू सांगणार नाहीस. ताट-वाटी ठेवल्याचा डाग कडेला, माणूस बसतो त्या बाजूला पडतो. हा भिंतीच्या बाजूला आहे, म्हणजे पाणी वरून गळतंय. गळका स्लॅब असता तर तू त्याच्यावर दोन पानं शिव्या लिहिल्या असत्यास. पाणी दोन ठिकाणी गळतं, फूटभर अंतराने, रोज. मधे मेणबत्ती लागते, तीही रोज. फूटभर रुंदीची फ्रेम. तिला ताज्या फुलांचा, पाणी मारलेला हार, आणि हाराची दोन टोकं. बुद्ध आणि बाबासाहेब दुसऱ्या फळीवर आहेत असं तूच लिहिलं होतंस.

त्या भिंतीवर माझा फोटो आहे, पंचशीला.

सात महिने मी त्या फोटोवर जगलो. सोबतच्या कैद्यांना सांगत होतो, बायकोने हॉलमध्ये फोटो लावलाय, पोरगा काही बोलला नाही. मला वाटलं, पोराने मला माफ केलं. खरं सांग, मी कधी मेलो?

आत्माराम


केबिन रोड
२३ फेब्रुवारी २०२५

परागच्या बाबांना,

जयभीम लिहायलाही हात होत नाही. तरी जयभीम.

फोटो मी लावला होता तो जिवंत माणसाचा म्हणूनच लावला होता. माझ्यावर एवढा विश्वास ठेवा. हार नव्हता. गुणवंतभाई घर बघायला आले, त्यांनी फोटोकडे बघून विचारलं, "वेवाई क्यां छे?" व्याही कुठे आहेत म्हणून. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पराग म्हणाला, "पप्पा नहीं रहे." एवढंच. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी ट्रे खाली ठेवला आणि मला रडू आलं. रागाने आलं, तुमच्यासाठी आलं, मला काय ठाऊक. पण त्यांना वाटलं, विधवा बाई, आठवणीने रडतेय. हेमालीची आई उठून माझ्याजवळ आली, मला कुशीत घेतलं. माझ्या रडण्याने परागचं खोटं खरं झालं. दुसऱ्या वेळी आली ती मोगऱ्याचा हार घेऊनच आली आणि स्वतःच्या हाताने फोटोला घातला. तो मी कसा काढायचा होता?

त्या दिवसापासून गळ्यात मंगळसूत्र नाही. डब्यात घालून केसरबाईकडे ठेवलंय. इथे येते, ते घालते आणि तुम्हाला पत्र लिहिते. निघताना काढते. पत्ता इथला का दिला ते आता कळलं असेल. फ्लॅट घेतला तेव्हाच परागने बजावलं होतं, जेलचं पाकीट या बिल्डिंगमध्ये येता कामा नये. पत्रपेट्यांची कुलपं धडधाकट आहेत.

रोजचा हार हेमाली घालते. पराग त्या भिंतीकडे बघत नाही. मी बघू शकत नाही. तिने मला विचारलं, "मम्मी, तुमच्यात काय लावतात?" मी म्हटलं, मेणबत्ती. तेव्हापासून ती आंघोळ करून आली की आधी तुमच्यासमोर मेणबत्ती लावते. तुम्हाला न बघितलेली पोर.

तिला दिवस गेलेत. तिसरा महिना आहे. ऑफिसला जाणं बंद केलंय, डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. तुम्ही सुटायच्या आधी मला महिनाभर कळवा. मी फोटो उतरवते आणि तिला सगळं सांगते. पराग घर सोडून जाईल म्हणतो. जाऊ दे. नाहीतर तिचं बाळंतपण होईपर्यंत थांबाल का? मीच विचारतेय आणि मलाच लाज वाटतेय. तुम्ही सांगाल ते करीन. या वेळी खरंच करीन.

पंचशीला


११ मे २०२५

प्रिय पंचशीला, जयभीम.

पाकिटावर जेलचा शिक्का नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. मी गेल्या महिन्यात सुटलो. तुला कळवलं नाही. तू महिनाभर आधी सांगा म्हणालीस आणि त्या महिन्यात तू काय करशील, कोण घर सोडेल, पोटुशी पोर काय ऐकेल, हे सगळं मी आत बसून पुष्कळ वेळा बघून घेतलं होतं.

बुधवारी टेबलाला पॉलिश करणारा एक मिस्त्री घरी येऊन गेला, हे तुला हेमालीने सांगितलं असेल. तू कामावर होतीस. पराग ऑफिसला. बेल वाजवली आणि म्हटलं, "पंचशीलाताईंनी पाठवलंय, टेबलाचं काम आहे." तिने नाव विचारलं. बापूराव म्हटलं. फोटोत मला काळे केस आहेत, मिशी आहे, गाल आहेत. आता त्यातलं काही नाही. तिने ओळखायचं कारणच नव्हतं.

पोर खरंच गुणाची आहे. आधी पाणी दिलं, पंखा लावला. मग म्हणाली, "काका, जरा संभालके हां. ये टेबल मेरे ससुरजी ने बनाया था."

मी म्हटलं, "एक पाँव थोडा छोटा बैठा है."

तिला राग आला. म्हणाली, "इतने साल हो गए, हिलता तो नहीं ना?" मी बघितलं. हलत नव्हतं.

मी विचारलं, ससुरजी कसे गेले? "साइट पे काम करते करते गिर गए. पराग छोटा था." बरं मरण दिलं गं परागने मला. कामावरचं, कष्टकरी माणसाचं. मनात आणलं असतं तर दारूने मेला म्हणाला असता. त्याच्यावर राग धरू नकोस. बारा वर्षांचं पोर होतं ते, त्याला बाप असा पाहिजे होता.

टेबल पुढे ओढायचं तर वरचा फोटो काढणं भाग होतं. हेमालीने तो उतरवला आणि जागा करायला वळताना माझ्या हातात दिला. "पकडिए ना, काका." मी पकडला. हार ओला होता, त्याचं पाणी माझ्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत गेलं. ती झोपाळा बाजूला बांधेपर्यंत मी तसाच उभा होतो.

डाग पूर्ण गेले. मेणाच्या जागी पॉलिशचे तीन हात दिले. तुझा दिवाण बघितला, खालचे खणही बघितले. काम स्वच्छ आहे. तिथे खाट बसली असती, माझं माप चुकलं नव्हतं. पण भांड्यांनाही जागा लागतेच. जुन्या खुर्च्या तू चांगल्या निवडल्यास, शाबास. तिने मला त्यांतल्याच एका खुर्चीवर बसवून चहा दिला. आपल्या घरात मी एवढाच बसलो.

एक ऐक. हेमालीला काही सांगू नकोस, आज नको, बाळंतपणानंतर नको, कधीच नको. त्या घरात माझी आठवण काढणारी ती एकटी आहे. तिला खरं कळलं तर तीही त्या भिंतीकडे बघायची नाही. मला लांबच्या एका वखारीत काम मिळालंय, झोपायला माळा आहे. पत्ता देत नाही. तू येशील म्हणून नाही. मी वाट बघत बसेन म्हणून. मंगळसूत्र केसरबाईकडेच राहू दे, मोडू नकोस.

भिंतीतला खिळा हलत होता. लाकडाची गिट्टी ठोकून त्यात नवा खिळा मारला आणि फोटो मी माझ्या हाताने टांगला, सरळ. टेबलावर मापाची काच कापून बसवली आहे. हेमालीला म्हणावं, हार खुशाल रोज घाल. आता पाणी गळलं तरी डाग पडायचा नाही.

तुझा
आत्माराम